व्यसन कीं व्याधि? : डॉ. मायकेल रसेल यांचें तंबाखूविषयक संशोधन

'व्यसन' हा शब्द संस्कृतांतून मराठींत आला तो मोठा अर्थ घेऊन आला. 'वि' या उपसर्गास 'अस्' म्हणजे फेंकणें हा धातु जोडून तो सिद्ध झालेला आहे. आणि मनुष्याला जें त्याच्या श्रेयापासून दूर फेंकून देतें तें व्यसन, अशी त्याची फोड कौटिल्यानें अर्थशास्त्रांत केलेली आहे. या व्याख्येंत एक मर्म आहे, तें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. फेंकणारी वस्तु निराळी आणि फेंकला जाणारा मनुष्य निराळा, असा भेद तींत केलेला आहे. रोजच्या व्यवहारांत आपण हा भेद साफ विसरतों. ज्याच्या कमरेला तंबाखूची चंची आहे किंवा ज्याच्या खिशांत सिगारेटचें पाकीट आहे, त्यास आपण मनाचा दुबळा ठरवितों, चार शब्द सुनावतों आणि आपलें कर्तव्य झालें असें मानतों. पुष्कळ घरांत हा क्रम वर्षानुवर्षें चालतो. बोलणारे थकतात, ऐकणारा कोडगा होतो, आणि चंची होती तेथेंच राहते.

असें कां व्हावें? जो मनुष्य एकादशी निर्जळी करूं शकतो, पहाटे थंड पाण्यानें स्नान करूं शकतो, घरच्या अडचणींत दोन-दोन नोकऱ्या करून भावंडांचीं शिक्षणें पुरीं करतो, तोच मनुष्य एक चिमूट तंबाखू सोडूं शकत नाहीं, हें कोडें काय आहे? या एका प्रश्नामागें लंडनच्या एका वैद्यानें आपली सारी उमेद खर्च केली. त्यांचें नांव डॉ. मायकेल रसेल (१९३२–२००९). आपल्याकडे हें नांव फारसें कोणाच्या कानांवर नाहीं. परंतु आज जगांत जेथें जेथें तंबाखू सोडविण्याचे उपचार होतात, तेथें तेथें त्यांच्या विचाराची छाया आहे.

तंबाखू मूळची अमेरिका खंडांतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली, आणि सतराव्या शतकाच्या अगदीं आरंभीं असद बेग नांवाच्या मोगल सरदारानें विजापूरहून ती अकबराच्या दरबारीं नेली. १६१७ सालीं जहांगिरानें तिच्या बंदीचा हुकूम काढला. इंग्लंडांत पहिल्या जेम्स राजानें त्याच्याहि आधीं, १६०४ सालीं, तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. दोन बादशहांच्या दोन आज्ञा. दोन्ही वाऱ्यावर गेल्या. चरकसंहितेंत धूमपानाचें वर्णन आहे म्हणून आमच्यांतले कांहीं गृहस्थ विडीला शास्त्राधार दाखवूं पाहतात. त्यांना एवढेंच सांगावयाचें कीं, त्या धूमवर्तींतील औषधी निराळ्या होत्या. तंबाखूचें रोप तेव्हां या भूमींत उगवलेंच नव्हतें. पोर्तुगालमधील फ्रेंच वकील ज्यां निको यानें ही वनस्पति फ्रान्सच्या दरबारीं पाठविली, म्हणून तिच्या द्रव्याला 'निकोटिन' हें नांव मिळालें. आणि १८२८ सालीं हायडेलबर्ग येथें पोसेल्ट व रायमन या दोघां जर्मनांनीं तें द्रव्य प्रथम शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें.

तंबाखूच्या धुरानें काय होतें, हें निर्विवाद कळावयास मात्र विसावें शतक अर्धें उलटावें लागलें. ३० सप्टेंबर १९५० रोजीं रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल या दोघां संशोधकांनीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आपला निबंध छापला आणि फुप्फुसाचा कर्करोग व सिगारेट यांचा संबंध आंकड्यांनिशीं दाखविला. १९५१ पासून त्यांनीं ब्रिटनमधील हजारों डॉक्टरांच्या संवयींची व मृत्यूंची नोंद ठेवण्यास आरंभ केला. १९६२ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या मान्यवर संस्थेनें अहवाल काढून तोच निर्णय जनतेसमोर मांडला. १९४८ सालीं ब्रिटनमधील शेंकडा ८२ पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू ओढीत असत. त्यांतल्या पुष्कळांनीं हे निष्कर्ष वाचले, ते खरे आहेत असें मान्यहि केलें, आणि मान हालवीत दुसरी सिगारेट पेटविली. ज्ञान झालें म्हणजे आचरण आपोआप सुधारतें, असें मानणाऱ्या सर्व उपदेशकांना या एका गोष्टीनें विचारांत पाडावें अशी ती आहे.

येथून रसेल यांच्या कार्याचा आरंभ होतो. त्यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेंतला. वैद्यकाचें शिक्षण ऑक्सफर्डचें. आणि कर्मभूमि लंडनचें मॉडस्ली इस्पितळ व त्यास जोडलेली मनोविकारशास्त्राची संस्था. तेथें १९६७ सालीं ग्रिफिथ एडवर्ड्स यांच्या पुढाकारानें व्यसनांच्या अभ्यासाचा एक स्वतंत्र विभाग निघाला. त्या काळीं व्यसन म्हटलें कीं दारू, अफू आणि हेरॉइन एवढींच नांवें डोळ्यांपुढें येत. सिगारेट ही सभ्य मनुष्याची संवय समजली जाई. रोग्याला तपासणारा डॉक्टरहि ती ओढीत असे. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा १९६४ चा प्रसिद्ध अहवाल सिगारेटच्या दुष्परिणामांविषयीं अत्यंत परखड होता, पण त्यानेंहि तिला 'संवय' म्हटलें, 'व्यसन' म्हटलें नाहीं. अशा वेळीं एका तरुण मनोविकारतज्ज्ञानें सिगारेट हाच आपल्या अभ्यासाचा विषय ठरविला.

त्यांच्या आधीं कोणी हा विचार बोललाच नव्हता असें नाहीं. १९४२ सालीं लेनॉक्स जॉन्स्टन नांवाच्या एका स्कॉटिश डॉक्टरानें निकोटिनची सुई स्वतःला व ३५ स्वयंसेवकांना टोंचून पाहिली होती. धूम्रपान करणाऱ्यांना ती सुखकर वाटली आणि पुढें कांहीं वेळ त्यांना सिगारेटची इच्छा राहिली नाहीं. सिगारेट हें केवळ निकोटिन पोंचविण्याचें साधन आहे, असा निष्कर्ष त्यानें 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत छापला. पण महायुद्धाच्या गर्दींत त्या एकाकी डॉक्टराकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. रसेल यांनीं तोच धागा उचलला. फरक इतकाच कीं, आतां त्यांच्या हातीं प्रयोगशाळा होती.

आरंभींचे त्यांचे प्रयत्न आज वाचतांना अंगावर शहारे येतात. सिगारेट ओंठाशीं नेतांच विजेचा सौम्य धक्का द्यावयाचा, म्हणजे मनांत तिच्याविषयीं तिटकारा उत्पन्न होईल, अशी एक उपचारपद्धति त्या वेळीं प्रचारांत होती. तिचा अनुभव त्यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केला. परंतु पुढील तपासांत या उपायाचा भरंवसा टिकला नाहीं. शिक्षेच्या भयानें व्यसन सुटत नाहीं, ही गोष्ट छडीवर विश्वास ठेवणाऱ्या आम्हां शाळामास्तरांना पटावयास कठीण. पण तिचा पुरावा विजेच्या यंत्रानें दिला आहे. १९७१ सालीं त्यांनीं एक विस्तृत निबंध लिहून सिगारेट ओढणें हा परावलंबित्वाचा विकार आहे, त्याला आरंभ, वाढ आणि जुनाट अवस्था असा इतर व्याधींसारखा क्रम आहे, असें प्रतिपादन केलें.

प्रतिपादन करणें सोपें. सिद्ध करणें अवघड. मनुष्य सिगारेट कशासाठीं ओढतो? हाताच्या चाळ्यासाठीं, चवीसाठीं, संगतीसाठीं, कीं निकोटिनसाठीं? हें ठरविण्याकरितां रक्तांतील निकोटिन मोजतां आलें पाहिजे, आणि तें इतक्या सूक्ष्म प्रमाणांत असतें कीं, १९७० च्या सुमारापर्यंत तें मोजणें जवळजवळ अशक्य होतें. कॉलिन फायराबेंड या रसायनतज्ज्ञाच्या साहाय्यानें रसेल यांनीं ती रीति हस्तगत केली. मग १९७५ सालीं त्यांनीं एक मोठा बोधप्रद प्रयोग छापला. नेहमींच्या सिगारेटींऐवजीं दुपटीहून अधिक निकोटिन असलेल्या सिगारेटी दिल्या, तेव्हां ओढणाऱ्यांनीं न कळत आपली संख्या कमी केली आणि त्यांच्या रक्तांतील निकोटिनची पातळी जवळजवळ पूर्वीइतकीच राहिली. कोणींहि त्यांना 'कमी ओढा' म्हणून सांगितलें नव्हतें. स्वयंपाकघरांतील जुन्या सुगरणीचा हात न मोजतां जसें नेमकें मीठ घालतो, तसें त्यांचें शरीर न मोजतां नेमकें निकोटिन घेत होतें.

याच शोधानें पुढें एका मोठ्या फसवणुकीचा उलगडा झाला. कंपन्यांनीं 'सौम्य' म्हणून ज्या सिगारेटी विकल्या, त्यांत यंत्रानें मोजलेलें डांबर व निकोटिन कमी होतें. परंतु माणूस हें यंत्र नव्हे. तो झुरका खोल घेई, अधिक वेळां घेई, गाळणीवरचीं बारीक छिद्रें बोटांनीं किंवा ओंठांनीं झांकी, आणि आपला वांटा वसूल करी. 'सौम्य' या शब्दावर विश्वास ठेवून ज्यांनीं सिगारेट सोडली नाहीं, त्यांचें व्हावयाचें तें नुकसान झालेंच.

आतां या पकडीचें गणित पाहा. एका सिगारेटींत सुमारें दहा झुरके, दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याचे दोनशें झुरके, वर्षाचे ७३,०००. प्रत्येक झुरक्याबरोबर निकोटिन फुप्फुसांतून रक्तांत आणि रक्तांतून कांहीं सेकंदांत मेंदूंत पोंचतें. रसेल यांनीं या हिशेबाकडे सर्वांचें लक्ष वेधलें. वर्षांतून सत्तर हजार वेळां ज्या क्रियेला तत्काळ बक्षीस मिळतें, ती क्रिया मेंदूंत किती खोल कोरली जात असेल! आम्ही शाळेंत पाढे पाठ करून घेतों, तेव्हां त्याच्या शतांशहि आवृत्ति होत नाहींत, तरी ते पाढे म्हातारपणापर्यंत विसरत नाहींत. शिवाय रक्तांतील निकोटिन सुमारें दोन तासांत निम्में होतें. रात्रभरांत तें अगदीं उतरतें, म्हणून सकाळीं उठल्याबरोबर जीव कासावीस होतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल फागरस्ट्रम यांनीं १९७८ सालीं व्यसनाची खोली मोजण्यासाठीं जी प्रश्नावलि तयार केली, तींतला एक मुख्य प्रश्न हाच आहे: उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळानें लागते? तोंड धुण्याच्याहि आधीं ज्याला तंबाखू लागते, त्याची पकड घट्ट समजावी.

कारण कळलें, उपाय काय? येथें रसेल यांनीं दोन मार्ग दाखविले, आणि दोन्ही अत्यंत साधे आहेत.

पहिला मार्ग घरच्या डॉक्टराच्या तोंडच्या दोन शब्दांचा. लंडनमधील पांच दवाखान्यांतील २८ डॉक्टरांच्या मदतीनें त्यांनीं धूम्रपान करणाऱ्या २,१३८ रोग्यांचे चार गट पाडले. पहिल्या गटाला कांहींच केलें नाहीं. दुसऱ्याकडून केवळ प्रश्नपत्रिका भरून घेतली. तिसऱ्याला डॉक्टरांनीं एकदोन मिनिटांत 'सिगारेट सोडा' म्हणून स्पष्ट सांगितलें. चौथ्याला तेंच सांगून एक पत्रक हातीं दिलें आणि 'पुढें चौकशी केली जाईल' अशी सूचना दिली. वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ निघालें. हा निबंध १९७९ सालीं प्रसिद्ध झाला. शंभरांतले पांच, म्हणजे कांहींच नाहीं, असें प्रथम वाटेल. पण रसेल यांनीं हिशेब करून दाखविला कीं, या रीतीनें प्रत्येक डॉक्टर वर्षाला सुमारें पंचवीस माणसांची सुटका करूं शकतो, आणि ब्रिटनमधील सर्व डॉक्टरांनीं मनावर घेतलें तर वर्षाला पांच लाखांहून अधिक लोक मुक्त होतील. तेवढेंच काम विशेष चिकित्सालयांकडून व्हावयाचें तर तीं दहा हजार काढलीं तरी पुरीं पडणार नाहींत. मोठ्या कामाला मोठेंच साधन लागतें असें नाहीं. लहान साधन पुष्कळ हातीं असलें म्हणजे झालें.

दुसरा मार्ग औषधाचा. त्याची कथा स्वीडनमध्यें सुरू होते. १९६७ च्या डिसेंबरांत लुंड येथील क्लास लुंडग्रेन या शरीरशास्त्रज्ञानें हेलसिंगबोर्ग येथील एका औषधी कंपनीच्या ओव्हे फेर्नो या रसायनज्ञास पत्र लिहिलें. पाणबुडीवर धूम्रपानास मनाई असते. तेथले खलाशी सिगारेटऐवजीं तोंडांत तंबाखू धरतात आणि त्यांचें भागतें. तर मग निकोटिन तोंडावाटेच देतां येणार नाहीं काय, अशी ती कल्पना होती. फेर्नो यांनीं निकोटिन डिंकासारख्या चघळण्याच्या गोळींत बांधलें. पण तोंडांतल्या आम्ल लाळेंत निकोटिन नीट शोषलें जात नाहीं, म्हणून त्यांना गोळींत क्षार मिसळावा लागला. येथें महाराष्ट्रीय वाचकाला हंसूं येईल. आमचा खेडुत तळहातावर तंबाखूला चुना कां चोळतो? चुना क्षारधर्मी आहे. त्याच्या योगानें निकोटिन मोकळें होऊन गालाच्या आंतल्या त्वचेंतून झपाट्यानें रक्तांत उतरतें. स्वीडनच्या रसायनज्ञानें कित्येक वर्षें खपून जें साधलें, तें आमच्या चुन्याच्या डबींत आधींच होतें. फरक एवढाच कीं, तिकडे तें सुटकेसाठीं योजलें, इकडे पकड घट्ट करण्यासाठीं.

१९७८ सालीं स्वित्झर्लंडमध्यें ही गोळी औषध म्हणून मान्य झाली. ब्रिटनमध्यें १९८० सालीं आणि अमेरिकेंत १९८४ सालीं. तिची कसोशीनें परीक्षा घेणाऱ्यांत रसेल व त्यांचे सहकारी अग्रभागीं होते. मार्टिन जार्व्हिस, मार्टिन रॉ, रसेल व फायराबेंड यांनीं १९८२ सालीं ११६ जणांवर केलेली परीक्षा प्रसिद्ध आहे. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसण्यांत तशीच पण जवळजवळ निर्बळ गोळी. वर्षअखेर खऱ्या गोळीच्या ५८ जणांपैकीं २७, आणि दुसऱ्या ५८ जणांपैकीं १२ सिगारेटपासून दूर होते. दोन्ही गटांची इच्छाशक्ति सारखीच होती. एकीला आधार मिळाला, दुसरीला मिळाला नाहीं. पुढें गोळीबरोबर त्वचेवर चिकटविण्याची पट्टी वगैरे रूपें निघालीं. असंख्य परीक्षांचा एकत्र हिशेब सांगतो कीं, या उपचारांनीं तंबाखू सुटण्याची शक्यता सुमारें दीडपट होते. हा चमत्कार नव्हे. पण जेथें कांहींच चालत नव्हतें तेथें हें पुष्कळ आहे.

याच विचाराला धरून रसेल यांनीं १९७६ सालीं जें मत मांडलें, त्यावरून मोठा वाद झाला. मनुष्य निकोटिनच्या ओढीनें सिगारेट ओढतो, पण त्याचा जीव जातो तो धुरांतल्या डांबरानें, असें त्यांचें सूत्र होतें. मग निकोटिन ठेवावें आणि डांबर काढावें, म्हणजे जो सोडूंच शकत नाहीं त्याचा निदान प्राण तरी वांचेल! तपकीर ओढणाऱ्यांच्या रक्तांतील निकोटिनहि त्यांनीं मोजलें आणि नाकावाटेहि तें झपाट्यानें रक्तांत चढतें असें दाखविलें. विरोधक म्हणाले, ही व्यसनाशीं तडजोड झाली. विषाला वैद्यानें मान्यता देऊं नये. रसेल यांच्या बाजूनें उत्तर असें कीं, सर्वांनीं आजच सर्व सोडावें हें उत्तमच. पण जे सोडीत नाहींत त्यांना मरूं द्यावें काय? हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. विजेवर चालणाऱ्या सिगारेटींच्या बाबतींत ब्रिटनमधील वैद्यकसंस्थांनीं बव्हंशीं रसेल यांच्या दिशेनें मत दिलें. भारत सरकारनें २०१९ सालीं कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली. लहान मुलें नव्यानें जाळ्यांत सांपडूं नयेत ही चिंता या बाजूला आहे, आणि जुने ओढणारे वांचावेत ही त्या बाजूला. दोन्ही चिंता खऱ्या आहेत. आमचा कल पहिलीकडे आहे, आणि त्याचें कारण रसेल यांच्याच एका निबंधांत आहे.

१९९० सालीं त्यांनीं लिहिलेल्या त्या निबंधाच्या मथळ्यांतच सारा आशय आहे: चार सिगारेटींबद्दल चाळीस वर्षांची शिक्षा. लहानपणीं गंमत म्हणून तीनचार सिगारेटी ज्यानें ओढल्या, तो बहुधा पुढें कित्येक दशकें बांधला जातो, असें त्यांनीं आपल्या देशांतील पाहणीच्या आधारें दाखविलें. म्हणजे पहिल्या चार वेळां निवड मुलाची असते. त्यानंतरची निवड मुलाची राहत नाहीं. घरांतल्या वडील माणसांनीं हें वाक्य मनांत कोरून ठेवावें. नातवाला दुकानावर तंबाखूची पुडी आणावयास पाठविणारे आजोबा, किंवा त्याच्यादेखत गच्चीवर सिगारेट ओढणारा काका, हे त्या चार वेळांचा रस्ता झाडून ठेवीत असतात. शिवाय ओढणाऱ्याच्या शेजारीं बसणाऱ्याच्या रक्तांतहि धुरांतील विषारी वायु व निकोटिन उतरतें, हें रसेल यांनींच १९७३ व १९७५ सालच्या निबंधांत दाखविलें. एका खोलींत चार पिढ्या बसणाऱ्या कुटुंबांना हें फार लागू आहे.

जगानें त्यांचें म्हणणें सावकाश मान्य केलें. १९८८ सालीं अमेरिकेच्या सर्जन जनरलनें निकोटिन हें हेरॉइन व कोकेन यांच्याप्रमाणेंच व्यसन लावणारें द्रव्य आहे असा निर्णय दिला. खुद्द ब्रिटनमध्यें मात्र निकोटिनचे हे उपचार सरकारी आरोग्यसेवेंतून सर्वांना मिळावयास २००१ साल उजाडावें लागलें; एकवीस वर्षें गरीब रोग्याला सिगारेट सहज मिळे, औषध मिळत नसे. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें निकोटिनच्या गोळीस व पट्टीस आवश्यक औषधांच्या यादींत स्थान दिलें. त्याच वर्षीं रसेल यांचें देहावसान झालें. १९४८ सालीं ज्या देशांत शेंकडा ८२ पुरुष तंबाखू ओढीत, तेथें २०२३ सालीं सिगारेट ओढणारीं प्रौढ माणसें शेंकडा बाराच्या आंत आलेलीं होतीं. हें सर्व एका मनुष्याचें कर्तृत्व नव्हे; कर, कायदे, डॉल यांचे आंकडे, हजारों डॉक्टर, सर्वांचें आहे. पण दोष देण्याऐवजीं उपचार करावा, हा पालट ज्यांनीं घडविला त्यांत रसेल अग्रगण्य होत.

आतां आपल्या घराकडे वळूं. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीप्रमाणें भारतांतील शेंकडा २८.६ प्रौढ माणसें तंबाखूचें सेवन करीत होतीं आणि महाराष्ट्रांतील शेंकडा २६.६, आणि आपल्याकडे धुरापेक्षां तोंडांतली तंबाखू फार अधिक. म्हणून 'जीव जातो तो धुरानें' हें रसेल यांचें सूत्र येथें जसेंच्या तसें लावतां येत नाहीं. मुंबईच्या टाटा स्मारक इस्पितळाशीं संबद्ध असलेले थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर, हे मूळचे गोमंतकांतले, यांनीं सहकाऱ्यांसह १९५५ सालींच तंबाखू चघळणें व ओढणें यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशीं संबंध दाखविला होता. मिश्री लावणाऱ्या बायका ती दांतांसाठीं आहे असें म्हणतात. पण एक दिवस मिश्री मिळाली नाहीं म्हणजे डोकें कां दुखतें, पोट कां साफ होत नाहीं, चिडचिड कां होते, याचा त्यांनीं विचार करावा. दुखतें तें दांतांचें मागणें नव्हे, निकोटिनचें आहे.

ज्यांच्या घरीं असा कोणी आहे, त्यांनीं काय करावें? पहिली गोष्ट, टोमणे बंद करावेत. दुसरी, सोडण्याचा दिवस त्याच्याच संमतीनें ठरवावा आणि तो घरांत सर्वांस ठाऊक असावा. तिसरी, पहिला आठवडा सर्वांत कठीण आणि त्रास साधारण दोन ते चार आठवडे टिकतो, हें जाणून त्या दिवसांतली त्याची तापट वृत्ति घरानें सोसावी. तापानें फणफणलेल्या माणसाच्या शब्दांचा राग आपण धरीत नाहीं, तसेंच हें समजावें. चौथी, डॉक्टरांस लाज न धरतां सर्व सांगावें आणि त्यांच्या सल्ल्यानें गोळी किंवा पट्टी घ्यावी. गोळी सुपारीसारखी एकसारखी चघळावयाची नसते. थोडी चावून गालांत धरून ठेवावयाची, आणि त्या वेळीं चहाकॉफी टाळावयाची असते. हळूहळू तीहि कमी करावयाची. अंगवळणीं पडलेल्या अहितकर गोष्टी एकदम न टाकतां पायरीपायरीनें, चतुर्थांशाच्या क्रमानें सोडाव्या, असा उपदेश चरकानें सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत केलेलाच आहे. आधुनिक वैद्याची रीति ऐकून आमच्या वृद्धांस परकें वाटावयाचें कारण नाहीं. सरकारनें चालविलेली १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनि-सेवाहि याच कामासाठीं आहे.

'आतां या वयांत सोडून काय मिळणार?' असें पुष्कळ वडीलधारे म्हणतात. डॉल यांनीं पन्नास वर्षें डॉक्टरांची नोंद ठेवून २००४ सालीं याचें उत्तर दिलें आहे. सिगारेट ओढीत राहणारा सरासरीनें दहा वर्षें आधीं मरतो. तिसाव्या वर्षीं सोडणारा जवळजवळ तीं सर्व दहा वर्षें परत मिळवितो, चाळिसाव्या वर्षीं नऊ, पन्नासाव्या वर्षीं सहा, आणि साठाव्या वर्षीं सोडली तरी तीन. तीन वर्षें म्हणजे नातीचें लग्न पाहणें, पणतवाचें बारसें पाहणें. साठी उलटलेल्या कोणत्याहि गृहस्थानें तीं फुकट घालवूं नयेत.

निश्चयाची आवश्यकता आहेच. ती रसेल यांनींहि कधीं नाकारली नाहीं. सोडावयाचें ठरविणें हें ज्याचें त्यानेंच केलें पाहिजे. परंतु पुरांत सांपडलेल्या माणसास पोहण्याचा निश्चय करावयास सांगून कांठावरच्यांनीं हात बांधून उभें राहूं नये, दोर टाकावा. पुढल्या खेपेस घरांत चंचीवरून शब्द निघेल, तेव्हां एवढेंच विचारावें: केव्हां सोडावयाची, आणि त्या दिवशीं आम्हीं काय करावें? उत्तर लगेच येणार नाहीं. पण प्रश्न असा विचारला गेला, तर तें केव्हां तरी येण्याचा संभव आहे.